बदली रॅकेट

—नाही, नाही, रंग नका दाखवू मला मालक, निळी असो की पिवळी, मला काय मिरवायचंय? मला हलणार नाही अशी पाहिजे. एवढीच अट. समोरून चेंडू आदळला की ही माझी — बघा, हाताकडे बघा माझ्या — ही अशी फिरते, कुलपात किल्ली फिरावी तशी, आणि चेंडू जातो भलतीकडेच, नाहीतर तिथल्या तिथे जाळीत पडतो. हात नाही हलत हो, हात ठणठणीत आहे माझा. हा बघा. आहे का कुठे थरथर? आयुष्यभर लिफ्ट तपासल्यात मी, सरकारी तपासनीस होतो, डगमग कुठून येते ते ओळखायचा पगार घेतलाय. लिफ्ट हलली की माणसं घाबरून वर बघतात — दोर तुटला, दोर तुटला! दोराचं काही नसतं. भिंतीतला रूळ सैल झालेला असतो, ज्याला धरून ती वर-खाली जाते तो. तेव्हा मला नका सांगू की मनगट कमजोर झालंय. मनगटाचं काही नाही, हा दोष फ्रेमचा आहे. काय? काही म्हणालात? नाही ना? मग ती वरची काढा. ती काळी, डोकं रुंद आहे ती.

हं. जड आहे. जड चालेल मला, जड म्हणजे निदान जागेवर राहील. जरा मागे सरका, मी हलकेच फिरवतो — नाही लागणार तुमच्या पंख्याला, बघतोय मी. आता मुठीनं इथे कडेला मारतो, हे असं, ठक. बघितलंत? फिरली. थोडीशी, पण फिरली. डोक्याच्या मध्यावर चेंडू लागला तर कुठलीही सरळच राहते हो, त्यात काय मोठेपण — कडेला लागला तर काय करते ते बघायचं. माणसाचंही तसंच. ठेवा ही. माझी ही जुनी हलकी आहे ना, ती मागे उभं राहून खेळायला घेतली होती. तुमच्याकडूनच घेतली असेल, आठवत नाही. मी मागे खेळणारा माणूस, पहिल्यापासून. बेसलाइनवर उभं राहायचं, आलेला चेंडू गुमान परत करायचा, समोरच्याला कंटाळा येईपर्यंत. 'भिंत' म्हणायचे मला. आता पुढे यावं लागतं, अगदी जाळीपाशी, आणि तिथे चेंडू असा येतो की डोळा मिटायला वेळ नाही. का म्हणजे? वय झालं. मागे धावाधाव होत नाही आता. गुडघे.

हसू नका. बरं, गुडघे नाहीत. गुडघ्यांना काय धाड भरलीये.

अहो, एक औषधवाला आहे, औषधांचं दुकान आहे त्याचं, तो माझा जोडीदार. आम्ही रविवारी सकाळी चौघं खेळतो, दोघं-दोघं. त्यानं परवा मला बजावलंय, काका, येत्या रविवारी जाळीपाशी तुमच्या हातून असेच चेंडू सुटले तर पुढे मी उभा राहणार आणि तुम्ही मागे. माझ्या मुलाच्या वयाचा आहे, काका म्हणतो आणि हुकूम सोडतो. चुकीचं काहीच नाही त्याचं, आम्ही हरतोय माझ्यामुळे. दर रविवारी हरतोय. पण मागे गेलो ना मालक, की संपलं. मला पुढेच उभं राहायचंय. हरू देत, पण पुढे. कळतंय का तुम्हाला? नाही कळणार. ती दुसरी दाखवा तोवर, ती राखाडी.

समोर कोण असतं म्हणजे? समोर आमचे व्याही असतात. ओळखता तुम्ही — दातांचे डॉक्टर, उंच, पुढे जरा वाकून चालतात, बोलणं कमी. रॅकेटच्या तारांचं गटिंग तुमच्याकडेच तर करून घेतात. हो हो, तेच — थांबा, तेच ते, माझं ऐका आधी. त्यांचा फटका ठाऊक आहे ना? ह्या वयात, आणि चेंडू असा आणतात की कानाजवळून वारा जातो. आणि सगळे माझ्याच अंगावर. औषधवाला पलीकडे मोकळा उभा असतो, अर्धं कोर्ट उघडं पडलेलं असतं, तिकडे नाही मारणार. माझ्या छातीवर, नाहीतर ह्या कमरेपाशी. शिकलेला माणूस आहे, शांत माणूस आहे, मुंगी मारणार नाही. राग आहे त्यांना. माझ्यावर नाही, माझ्या मुलावर आहे. पण तो काही समोर येत नाही ना, मी येतो, मग मिळतं ते मला मिळतं. मारू देत. मी तर मनात म्हणतो, मारा डॉक्टर, दोन जास्त मारा, पण मला इथून हाकलू नका.

आणि गंमत अशी की आम्ही जोडीदार होतो. एकाच बाजूला. केसात पांढरं नव्हतं तेव्हापासून. मी मागे, ते पुढे. ते चुकले की मी सांभाळायचो, मी हुकलो तर ते. पोरं लहान होती दोघांची, चेंडू वेचायला यायची, माझा मुलगा ह्या टोकाला, त्यांची मुलगी त्या टोकाला, आणि चेंडू वेचता वेचता कधी जमलं ते आम्हाला कळलंच नाही. कळलं तेव्हा आम्ही दोघं असे हसलो होतो, कोर्टाच्या मधोमध, रॅकेटा टाकून. विहीणबाई त्याआधीच गेलेल्या, डॉक्टर एकटे, म्हणाले, चला, आता मुलगी काही परक्या घरी जात नाही. परक्या घरी नाही जात म्हणाले! तेच मला रात्रंदिवस ऐकू येतं.

मग काय व्हायचं? आमच्या चिरंजीवांनी एक दिवस जेवता जेवता सांगितलं, मला हे नाही जमत. काय नाही जमत बाबा? तर म्हणे घर. घर नाही जमत! म्हणजे घर काय सायकल आहे का, जमली-नाही जमली म्हणायला? भांडण नाही, तंटा नाही, दारू नाही, दुसरी कुणी आहे का विचारलं तर तेही नाही. खोली घेऊन राहतो एकटा, ऑफिसात जातो, फोन केला तर 'बरा आहे' म्हणतो. मी काय करू? लहान असता तर दोन ठेवून दिल्या असत्या. सून थोडे दिवस वाट बघत राहिली आणि मग मुलीला घेऊन वडिलांकडे गेली. योग्य केलं तिनं. मी तिच्या जागी असतो तर मीही तेच केलं असतं — हे घरात बोलता येत नाही मला, हिला वाटेल मी मुलाच्या उलट आहे. तुमच्यापाशी बोलतोय. कुणाला सांगायला जाऊ नका.

नात आहे आम्हाला. ठकू म्हणतो आम्ही. पहिले काही दिवस यायची आमच्याकडे, सून सोडून जायची. पण आली की आधी आतल्या खोलीत जाऊन बघायची, बाबा आहे का. मग न्हाणीघरात. मग कपाट उघडायची! तिला वाटायचं आम्ही लपवून ठेवलाय, खेळ चाललाय काहीतरी. आणि घरी गेली की रात्रभर रडायची, झोपायची नाही. सुनेनं येऊन सांगितलं, शांतपणे, पायांकडे बघत — आई, बाबा, तुमच्याशी माझं काही वाकडं नाही, पण काही दिवस नको. मी म्हटलं बरं. काही दिवस म्हणजे किती ते विचारलं नाही. विचारलं असतं तर आकडा मिळाला असता, आणि तो मोठा निघाला असता तर? नाही विचारलं. ती गेल्यावर आमची ही त्या कपाटाचं दार लावायला गेली, ती किती वेळ तिथेच.

फिरतेय ही पण. राखाडीसुद्धा. काय हो, एवढ्या रॅकेटा लावून ठेवल्यात भिंतीभर, एक म्हणून जागेवर राहत नाही? काय म्हणता, शिशाची पट्टी? चिकटवून बघितली. दोन्ही बाजूंना, घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या ठिकाणी, इंटरनेटवर बघून. हिनं तर ती नखानं घासून बसवून दिली. थोडा फरक पडतो, नाही असं नाही. पण ते जेव्हा ठरवून मारतात ना, तेव्हा पट्टी काय करणार. आत काही आहे म्हणता? राहू दे, आधी समोरच्या बघू. आणि तुम्ही मघापासून मध्येच काहीतरी सांगायला बघताय, कळतंय मला, मी बोलू देत नाहीये, आमच्या घरातही हीच तक्रार आहे. दोन मिनिटं. एवढं सांगून टाकतो, म्हणजे तुम्हाला कळेल मला नेमकी कशी पाहिजे.

हे सगळं झाल्यावर पहिल्या रविवारी मी कोर्टावर गेलो. जाऊ की नको, जाऊ की नको करत गेलो. डॉक्टर फाटकापाशीच उभे होते. म्हणाले, पोरीनं शब्द घेतलाय माझ्याकडून. तुमच्या घराशी बोलायचं नाही. खेळापुरतं बोलेन. मी म्हटलं बरं. मी सगळ्यालाच बरं म्हणतो. आणि आत जाऊन ते सरळ पलीकडच्या बाजूला उभे राहिले, आमच्यातल्या चौथ्या, बँकवाल्याशेजारी. झालं, जोड्या बदलल्या. आणि माणूस शब्दाचा असा पक्का की काय सांगू. मी 'कसे आहात' म्हटलं तर मान नाही हलवली. 'ऊन आहे आज' म्हटलं, तर ऊन खेळात धरायचं की नाही ह्याचा विचार करत उभे! मग म्हणाले, आहे. तेवढंच. स्कोअर मात्र ते सांगतात, सर्व्हिस कुणाचीही असो, कारण बँकवाल्याला पैशाशिवाय काही मोजता येत नाही आणि औषधवाला आपल्या बाजूनं मोजतो. तर असं दोन-तीन रविवार गेले. आणि एकदा चेंडू जाळीत अडकला तो काढायला मी पुढे गेलो, ते पलीकडून आले, चेंडू माझ्या हातात दिला आणि नेहमीच्याच आवाजात म्हणाले, "फिफ्टीन-लव्ह. दात पडला."

मी बघतोय त्यांच्या तोंडाकडे! म्हटलं ह्यांचा पडला की काय, दातांच्या डॉक्टरचा? तर ते वळून निघाले. पुढचा पॉइंट झाला, मी मुद्दाम पुढेच थांबलो. "थर्टी-लव्ह. वरचा." आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. ठकूचा! ठकूचा दात पडला! स्कोअरच्या शेपटाला बांधून सांगत होते हो, खेळापुरतं! मुलीला दिलेला शब्दही मोडला नाही, आणि — काय माणूस आहे. मी सगळा गेम हरलो तो. मला चेंडूच दिसत नव्हता. घरी गेलो आणि हिला सांगितलं, तर ही हातातलं टाकून मटकन खाली बसली, आणि हसायला लागली, वरचा की खालचा, वरचा की खालचा? मी म्हटलं वरचा. पुढचा गं, वरचा.

तेव्हापासून मी जाळीपाशी. आलं लक्षात? मागे उभं राहिलं तर नुसता आकडा ऐकू येतो, तोही अर्धामुर्धा. यंत्रखोलीत उभं राहून राहून हा उजवा कान गेलाय माझा, डाव्यावर चाललंय. आणि ते काही ओरडून सांगणार नाहीत, औषधवाल्यादेखत तर नाहीच. हळूच, तोंडातल्या तोंडात, आणि एकच शब्द, फार तर दोन. 'ड्यूस. ताप उतरला.' आता ताप आला कधी होता? मला माहीतच नाही! पण विचारता येत नाही ना. ते सांगू शकतात, मी विचारू शकत नाही, विचारलं तर ते खेळाबाहेरचं होतं आणि मग कदाचित तेवढंही बंद. म्हणून मी नुसता उभा राहतो. रॅकेट पुढे धरून. देतील ते घ्यायचं. चेंडूही आणि हेही. आणि एकदा रॅकेट फिरली, चेंडू गेला, की तो औषधवाला — काका, मागे! काका, मागे! — मग तो सगळा सेट मी मागे, आणि घरी ही दारात.

ही दारातच असते. टॉवेल घेऊन उभी, जसा काही मी नदी पोहून आलोय. काय म्हणाले? एवढंच विचारते. आणि ज्या दिवशी काही नसतं त्या दिवशी मला तो जिना चढवत नाही. एकदा पाऊस होता, खेळ झालाच नाही, मी फाटकावरूनच परत आलो. हिचा तो चेहरा. मी सांगून मोकळा झालो — पोहायला शिकतेय. कुठून सुचलं देव जाणे. दुसऱ्या दिवशी बघतो तर हिनं टोपी आणून ठेवलेली, पोहताना घालतात ती, रबरी, लाल. द्यायला जमेल तेव्हा देऊ म्हणाली. कपाटात आहे. आता मी काय ते खोटं मागे घेऊ? पुढच्या रविवारी डॉक्टरांच्या तोंडून 'पोहते' असं काही निघालं तर बरं, म्हणून मी नवस बोलायचा बाकी होतो.

सांगतो, सांगतो, रॅकेटवरच येतोय. तर हा गेला रविवार. मी पुढे. ते पुढे. असे समोरासमोर, मध्ये जाळी, तुम्ही आणि मी उभे आहोत ना त्याहून थोडं लांब. बँकवाल्यानं मारलेला मी परत केला आणि तो डॉक्टरांच्या हातात गेला, आणि त्यांनी असा हाणला की माझी ही फिरली ती पूर्ण उताणी झाली. बोटं झणझणली. चेंडू पायाशी. आणि ते जाळीपाशी आले, माझ्याकडे बघितलं, नीट बघितलं, इतक्या दिवसांत पहिल्यांदा डोळ्याला डोळा दिला. आणि म्हणाले, "फोर्टी-थर्टी. बदली."

बदली! मी स्पष्ट ऐकलं, डाव्या कानानं. आता रॅकेट हातात अशी लुळी पडलेली, आणि समोरचा माणूस म्हणतो बदली, तर दुधखुळ्यालाही कळेल ना? बदली रॅकेट घ्या! बदली खेळाडू असतो, बदली कामगार असतो, तशी बदली रॅकेट. मालक, मला काय वाटलं ते मी तुम्हाला सांगू शकत नाही. इतके दिवस ते ठकूचं सांगायचे, ते सांगणं म्हणजे दयाच की हो एक प्रकारची. पण हे माझ्याबद्दल होतं! ह्या माणसानं माझ्याकडे बघितलं, माझी अडचण बघितली, मनगटाला दोष दिला नाही, रॅकेटला दिला, आणि सल्ला दिला, जसा पूर्वी द्यायचे. मी एवढा मोठा हसलो आणि म्हटलं, "हो हो, बघतो! या आठवड्यातच बघतो!" औषधवाला वळून बघायला लागला. डॉक्टर तर माझ्याकडे बघतच राहिले. आणि पुढचाच चेंडू, पोरानं मारावा असा सोपा, तो त्यांनी बाहेर मारला. जे कधी चुकत नाहीत ते! खेळ संपला की एरवी लगेच गाडीत बसतात, त्या दिवशी बाकावर बसून राहिले, बुटाची नाडी सोडताहेत, बांधताहेत. मीच लवकर निघालो. म्हटलं बोललेत एवढं, आता उगाच त्यांना अवघडायला नको. खरं ना? जास्त ताणू नये.

आणि हिला सांगितलं तर ही म्हणाली, बघा, तुटलं नाहीये अजून. परका माणूस कशाला सांगेल, तुमची रॅकेट वाईट आहे म्हणून? रोज मागे लागलीय, जा, आणा, रविवारी नवी दिसली पाहिजे त्यांना. आज तर जेवू घालायच्या आधी घराबाहेर काढलं मला. आता कळलं का मला कशी पाहिजे? त्यांचा फटका आला आणि मी तिथेच उभा आहे, अशी पाहिजे. बस्स. आहे आत एखादी? मग आणा ना, मघापासून नुसते उभे काय. वापरलेली असली तरी चालेल, मला कुठं नव्याचा सोस आहे.

हां — अरे वा. ही — थांबा. ही वेगळीच आहे. डोकं जड नाही, मूठ जड नाही, सगळं कसं बरोबर. ठोकतो कडेला. ठक. पुन्हा. अहो, नाही हलत! मालक, ही हलतच नाही! हे बघा, टोकाला मारतोय, इथे, अगदी टोकाला, ढिम्म. खांब आहे खांब. ही आधी का नाही काढलीत, उगाच भिंतभर — हीच द्या मला. बांधून टाका. मूठ जरा जाड आहे माझ्या हाताला, पण होईल सवय. ग्रिप कुणीतरी मन लावून गुंडाळलीय, शेवटाला टेपसुद्धा नाही लावलेली, दोरा बांधलाय पांढरा. बारीक. मेणाचा लागतोय हाताला. हा... हा दातांत घालायचा दोरा आहे. दातांतलं काढायला देतात तो.

डॉक्टर बांधतात असा. कोर्टावर सगळे हसायचे त्यांना.

ही त्यांची आहे? गटिंगला दिलीय होय? मग मला कशाला दाखवताय, त्यांना रविवारी लागेल ना — विकायला? विकायला कशाला? कधी देऊन गेले? सोमवारी. सोमवारी म्हणजे आमचा खेळ झाला त्याच्या दुसऱ्याच... काय म्हणाले? नाही, सांगा, आता नाही तोडत मी तुम्हाला मध्ये. सांगा. मुलीची काय? मुलीची — हो, नोकरी करते ती, मोठ्या हुद्द्यावर आहे — मुलीची बदली...

झाली.

बदली झाली. असं म्हणाले तुम्हाला. पूर्ण वाक्य म्हणाले. मला एकच शब्द म्हणाले, त्यांना दोनच परवडायचे, आणि मी... मी काय म्हणालो? मी हसून म्हणालो, बघतो, या आठवड्यातच बघतो. मोठ्यानं. दात काढून. आणि ते बाकावर बसून राहिले होते हो. नाडी सोडत. माझ्यासाठी बसले होते, आणि मीच शहाणा, उठून आलो!

गेले का? गेले. ते पण? ते पण तिच्याबरोबर. बरोबर आहे, एकटे इथे राहून काय करतील, दात कुठेही काढता येतात. कुठल्या गावाला, काही बोलले? नाही. तुम्ही तरी कसं विचारणार. ही ठेवताना माझं नाव काही घेतलं का — म्हणजे ही रॅकेट कुणी विचारायला आलं तर, लिफ्टवाला आला तर, असं काही... नाही. नाही ना. ठीक आहे. सहज विचारलं. कशाला घेतील, शब्द दिलाय त्यांनी. पक्का माणूस आहे. नाही, बांधू नका. राहू द्या. इतकी चांगली रॅकेट मी नेऊन करू काय, मला जाळीपाशी उभं राहायचं होतं, पण पलीकडे कुणीतरी नको का? औषधवाल्याला सांगतो, जा बाबा तू पुढे. मी मागे बरा.

हिला काय सांगू ते सांगा मला. ती दारात असेल. बोला ना, आता मी गप्प आहे तर तुम्ही बोलत नाही. काय? गाडी बाहेर उभी होती? आणि मुलगी गाडीत बसून होती. आणि — ती आत आली होती? ठकू? इथे, ह्या दुकानात? त्यांचा हात धरून. इथे उभी होती, मी आहे इथे? काय केलं तिनं, काही मागितलं? चेंडू? दिलात ना? बरं केलंत. फार बरं केलंत मालक, देव तुमचं भलं करो. दात आले का तिचे, वरचे? नसेल बघितलं, तुम्ही कशाला बघाल म्हणा. हसली नसेल ती. मला सांगा, केवढी झालीय? अहो वय नाही विचारत, वय मला ठाऊक आहे, उंची. हातानं दाखवा. ह्या काउंटरच्या... एवढी? डोकं वर येतंय काउंटरच्या? खरंच एवढी? थांबा, हात काढू नका. तसाच धरा. मला नीट बघू द्या, घरी जाऊन हिला दाखवायचंय. थोडा खाली आला बघा तुमचा, वर घ्या. हां. तिथे. दारात कुणी आलंय वाटतं, येऊ द्या, थांबतील ते. तुम्ही हात तेवढा हलवू नका.